‘डेटा आपलाच आहे, मग लायसन कशाला?’

पॉवर ॲप्स, म्हणजे फारसं कोडिंग न करता ऑफिसच्या कामाची ॲप्स बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. त्याबद्दलचा एक सल्ला काही केल्या फिरायचा थांबत नाही. सल्ल्याचा मथितार्थ असा: ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंय ना? मग कंपनीसाठी हवी तेवढी ॲप्स फुकट बनवा. डेटा आपलाच आहे. फार तर बनवणाऱ्यासाठी एक लायसन घ्या आणि बाकीच्यांना एका कॉमन लॉगिनवरून जोडा.’

यातला ‘फुकट’वाला भाग अर्धा खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचंही खपून जातं. ॲपला डेटाशी जोडणारा दुवा म्हणजे कनेक्टर. शेअरपॉइंटची (३६५ मधल्या सामायिक साइटची) लिस्ट, वनड्राइव्हवरची एक्सेल फाइल, आउटलुक यांचे कनेक्टर स्टँडर्ड. केवळ यांच्यावर चालणाऱ्या ॲपला ३६५ च्या बहुतेक बिझनेस प्लॅनमध्ये वेगळं लायसन लागत नाही. पण एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस), डेटाव्हर्स (पॉवर ॲप्सचा स्वतःचा डेटाबेस), स्वतः बनवलेला कस्टम कनेक्टर किंवा ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारा गेटवे आला की मामला प्रीमियम, म्हणजे वेगळं लायसन आलं. एसक्यूएल सर्व्हरचा कनेक्टर पूर्वी स्टँडर्डमध्येच होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो प्रीमियम झाला. त्याआधी कुणी लिहून ठेवलेले सल्ले मात्र आजही तसेच पुढे ढकलले जातात.

‘लायसन बनवणाऱ्याला’ हे तर चक्क उलटं आहे. बनवून बघायला, तपासायला डेव्हलपर प्लॅन फुकट मिळतो. पैसे पडतात ते वापरणाऱ्यांचे, तेही डोकी मोजून.

समजा, साहित्याची मागणी नोंदवायचं ॲप आहे. साठ जण वापरतात, डेटा शेअरपॉइंट लिस्टमध्ये, सगळं सुरळीत. मग कुणीतरी म्हणतं, ‘शिल्लक साठा पण दिसला तर बरं.’ साठा असतो एसक्यूएल सर्व्हरवर. एक टेबल जोडलं, एक स्क्रीन वाढली, पाच मिनिटांचं काम. कनेक्टर निवडताना नावाशेजारी छोटासा हिऱ्याचा आयकॉन असतो, तिकडे कोण बघतो? पण त्या क्षणी अख्खं ॲप प्रीमियम झालं. साठ्याची स्क्रीन चारच जण उघडत असले तरी लायसन साठही जणांना. लायसन स्क्रीनवर मोजलं जात नाही, ॲपवर मोजलं जातं. मी हे एकदा स्वतः करून बसलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना मागणीच्या फॉर्मऐवजी लायसन मागणारा मेसेज दिसला आणि फोन सुरू झाले.

आता कॉमन लॉगिन. हा सल्ला सगळ्यात धोक्याचा, कारण तो चालतो. सर्व्हरला एकच खातं दिसतं, कुणी अडवत नाही. पण लायसनच्या भाषेत याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि नियम स्पष्ट आहे: मध्ये कितीही थर घाला, लागणाऱ्या लायसनांची संख्या कमी होत नाही. पलीकडे खरी माणसं किती, तेवढंच मोजतात. शिवाय सगळ्या नोंदी एकाच नावावर पडतात. चुकीची मागणी कुणी टाकली हे नंतर शोधायचं तर नुसता वैताग.

राहिला डेटाच्या मालकीचा मुद्दा. डेटा तुमचाच आहे, कुणी नाकारलेलं नाही. लायसन आहे ते त्या डेटापर्यंत नेणाऱ्या सॉफ्टवेअरचं. डायनॅमिक्स ३६५ शी (विक्री, ग्राहकसेवा, हिशेब अशा कामांच्या मायक्रोसॉफ्टच्या तयार ॲप्सशी) डेटा शेअर होत असेल तर आणखी एक पायरी आहे. ग्राहक, संपर्क अशी सर्वसाधारण टेबलं पॉवर ॲप्सच्या लायसनवर चालतात, पण काही टेबलं प्रतिबंधित यादीत आहेत. ती वाचता येतात. त्यात नोंद करायची किंवा बदलायची तर डायनॅमिक्सचंच लायसन हवं. ॲडमिनने सिक्युरिटी रोल (सिस्टिममधली परवानगी) दिला म्हणून हा हक्क मिळत नाही.

‘मग टीम्समधलं डेटाव्हर्स वापरा’ असंही कुणी सुचवतं. छोट्या कामाला छानच आहे. फक्त ॲप टीम्सच्या आतच चालतं आणि जागा एका टीमला २ जीबी.

साठ जणांच्या त्या ॲपचं पुढे काय झालं? साठ्याची स्क्रीन काढून वेगळं ॲप केलं आणि लायसन चारच घेतली. एकाने लगेच सुचवलं, की फ्लो (आपोआप चालणारं काम) लावून साठा रोज रात्री शेअरपॉइंटवर उतरवू, म्हणजे सगळ्यांना दिसेल. तेही मागच्या दाराने मल्टिप्लेक्सिंगच्या दिशेनेच जाणारं, म्हणून सोडून दिलं. आता त्या चौघांपैकी कुणीतरी साठा बघतो आणि मागणीसमोर हाताने ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहितो.