कोमातीबद्दलही लिहायला हवं होतं

कोळशावरची वीज बंद करण्याबद्दल तुम्ही छापलेला लेख वाचला. श्रीमंत देशांनी पैसे दिले की गरीब देश आपोआप कोळसा सोडतील, असा त्याचा सूर आहे. मग दक्षिण आफ्रिकेतल्या कोमातीचा उल्लेख कसा नाही? १९६१ पासूनचं हे औष्णिक वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. संच बंद करायचं काम वेळेत उरकलं, पण सौर प्रकल्प, प्रशिक्षण, पर्यायी रोजगार हे सगळं वरातीमागून घोडं. आणि देशात त्याच सुमारास तासन्‌तास भारनियमन!

पैशाचं म्हणाल तर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडण्यासाठी साडेआठ अब्ज डॉलर जाहीर केले. त्यात बहुतांश कर्जच, अनुदान अगदी किरकोळ. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने यातून अंगच काढून घेतलं. कर्ज देऊन वर उपकाराची भाषा, हे पटत नाही.

मी चंद्रपूरचा. दोरीवरचे कपडे काढताना आधी राख झटकावी लागते, त्यामुळे कोळशाची बाजू घ्यायची मला हौस नाही. पण इथे कायम नोकरीवाल्याची बदली तरी होईल. कोळशाच्या ट्रकवरचा क्लीनर, टायर पंक्चरवाला, खाणीच्या फाटकाजवळ डबे पुरवणारी बाई, यांची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे? कोमातीतही कंत्राटी लोकांनाच आधी झळ बसली.

बंद करायची तारीख ठरवण्याआधी ही यादी करायला फार पैसे लागत नाहीत. आपल्याकडे ती कोण करतंय, हे लेखकाला माहीत असेल तर जरूर लिहावं.