रायनचे २३५ चेंडू दाखवून मुलांचे हात मोडू नका

गेल्या आठवड्यात दादाने आमच्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा होता, ‘कॉम्प्युटरवाल्यांनी बेसबॉलचा जीव घेतला’. दादा न्यू जर्सीत असतो. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो, आणि शनिवार-रविवार गावोगावी जाऊन खेळणाऱ्या एका ट्रॅव्हल टीमकडूनही खेळतो. हा मेसेज त्याच टीमच्या पालकांमध्ये फिरत होता. मी एरवी असले मेसेज सोडून देते. पण या मेसेजखाली दादाने लिहिलं होतं, “पटतंय. आपण उगाच चेंडू मोजत बसतो.” म्हणून हे लिहिते आहे, आणि दादासारख्या सगळ्याच आईबापांसाठी लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीचे पिचर एका मॅचमध्ये दोन-दोनशे चेंडू टाकायचे आणि त्यांना काही होत नसे. सत्तरच्या दशकातल्या नोलन रायनने तर २३५ टाकले. आकडेवारीवर टीम चालवणाऱ्या ‘कॉम्प्युटरवाल्यांनी’ चेंडूंवर मर्यादा घातली आणि हात नाजूक झाले, तेव्हा मुलांना रोज टाकू द्या. कोपर गेलंच तर टॉमी जॉन ऑपरेशन आहे, त्यानंतर हात पहिल्यापेक्षा जोरात चालतो. भारतातून बेसबॉलमध्ये गेलेल्या आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेलला कुठे डेटा लागला होता? डेटावाल्या टीम फायनलमध्ये हरतात. बोस्टनच्या मुकी बेट्सला कॉम्प्युटरने विकलं. बुटक्या होजे अल्टुवेला कॉम्प्युटरने घेतलंच नसतं. आणि शेवटी आज्ञा: मुलाने टाकलेले चेंडू लिहायची वही फेकून द्या.

रायनपासून सुरुवात करते, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. २३५ चेंडूंची मॅच खरी आहे. १४ जून १९७४, एंजल्स विरुद्ध रेड सॉक्स. रायनने १३ इनिंग पिचिंग केलं (मॅच एरवी नऊ इनिंगची असते) आणि १९ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. इथवर मेसेज बरोबर आहे. पुढचं मात्र त्यात नाही. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्याच रायनच्या कोपरातले हाडाचे सुटे तुकडे काढायला ऑपरेशन करावं लागलं आणि त्याचा सीझन तिथेच संपला. १९८६ मध्ये कोपराचा अस्थिबंध दुखावला, तेव्हा त्याने ऑपरेशन नाकारलं. २२ सप्टेंबर १९९३ रोजी सिएटलमध्ये पिचिंग करताना तोच अस्थिबंध फाटला आणि २७ सीझनची कारकीर्द त्या दिवशी थांबली. ‘काही झालं नाही’ म्हणून ज्याचं नाव पुढे केलं जातं, त्याच्या कोपराचा हा इतिहास आहे.

शिवाय रायन हा लाखात एक हात होता. ५,७१४ स्ट्राइकआउट आणि सात नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता टाकलेल्या मॅच) दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. त्याच्यासारखं राबवून घेतलेल्या बाकीच्यांचं काय झालं तेही सांगा ना. सँडी कोफॅक्सने १९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी तीनशेहून जास्त इनिंग टाकल्या, दोन्ही वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि कोपराच्या संधिवातामुळे तिसाव्या वर्षी खेळ सोडला. मार्क फिड्रिच १९७६ मध्ये डेट्रॉइटचा लाडका होता. विशीतला पोरगा, पहिल्याच सीझनमध्ये २४ पूर्ण मॅच एकट्याने टाकल्या. पुढच्या वर्षी आधी गुडघा आणि मग खांदा गेला. १९८० नंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, दिसला नाही. त्याच्या खांद्याचा स्नायू फाटला आहे हे कितीतरी उशिरा, १९८५ मध्ये, डॉक्टरांच्या लक्षात आलं. तोवर सगळं संपलं होतं. जुन्या काळी हात मोडत नव्हते असं कोणी म्हणालं की मला फिड्रिच आठवतो. हात मोडायचेच. मोडलेल्याला ‘याच्यात दम नव्हता’ म्हणून घरी पाठवायचे, एवढाच फरक.

आता यातली सगळ्यात घातक उडी बघा: रायनने टाकले म्हणून मुलांनाही टाकू द्या. रायन त्या दिवशी २७ वर्षांचा, पूर्ण वाढलेला पुरुष होता. अकरा वर्षांच्या मुलाच्या कोपरात हाडाची टोकं अजून कूर्चेची असतात, तिथूनच हाड वाढत असतं. पिचिंग करताना हात मागे जाऊन सपकन पुढे येतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला प्रचंड ताण बसतो. मोठ्यांमध्ये तो अस्थिबंधावर येतो. मुलांमध्ये अस्थिबंधापेक्षा ही वाढीची कूर्चाच कमकुवत असते, म्हणून आधी ती दुखावते. ‘लिटल लीग एल्बो’ असं त्या दुखण्याला नावच पडलं आहे, इतकं ते सर्रास दिसतं. रोज टाकून स्नायू बळकट होतील, पण वाढीची कूर्चा तशी बळकट होत नाही. तिला वेळ आणि विश्रांती लागते.

हे माझं मत नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संस्थेत ग्लेन फ्लायसिग, डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १४ वयोगटातल्या ४८१ पिचर मुलांचा तब्बल दहा वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीन पट निघाला. गंभीर म्हणजे खांद्याचं किंवा कोपराचं ऑपरेशन, नाहीतर दुखापतीमुळे खेळच सुटणं. एकूण मुलांपैकी सुमारे ५ टक्क्यांवर ही वेळ आली. म्हणजे बहुतेक मुलं सुखरूप राहतात, हेही त्याच अभ्यासातून दिसतं, आणि ते लपवायचं मला कारण नाही. पण धोका कोणाला जास्त, हे इतकं स्वच्छ समोर असताना आपलं मूल मुद्दाम त्या बाजूला का ढकलायचं? वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत दोन टीमकडून पिचिंग करणाऱ्या मुलाला १०० इनिंग गाठणं मुळीच अवघड नाही.

ऑपरेशनचा मुद्दा वाचून तर मला खरोखर संताप आला. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमचा डावखुरा पिचर. रायनच्या त्या मॅचनंतर तीनच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९७४ रोजी, डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला कंडरा काढून डाव्या कोपरात फाटक्या अस्थिबंधाच्या जागी बसवला. पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७५ चा अख्खा सीझन घरी बसला, १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ मॅच जिंकला. गोष्ट विलक्षण आहे, म्हणूनच तिची दंतकथा झाली. पण हे ऑपरेशन फाटलेलं जोडण्यासाठी आहे, चांगल्या कोपरात ताकद भरण्यासाठी नाही. परतायला वर्षाहून जास्त काळ लागतो. काहीजण परतल्यावर आधीपेक्षा जोरात टाकतात, तो त्या वर्षभराच्या शिस्तबद्ध व्यायामाचा परिणाम, आणि तो व्यायाम कोपर न फाडताही करता येतो. जोडलेलं कायम टिकतं असंही नाही. जेकब डिग्रॉमवर २०१० मध्ये ऑपरेशन झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा करावं लागलं. शोहेई ओतानीचं २०१८ मध्ये झालं, २०२३ मध्ये कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि २०२४ च्या सबंध सीझनमध्ये त्याने एकही चेंडू पिचर म्हणून टाकला नाही. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसांची ही कथा. ‘गेलंच तर ऑपरेशन आहे’ हे वाक्य लहान मुलाच्या आईबापांना पाठवणाऱ्याने आधी त्या मुलाच्या जागी स्वतःचं मूल ठेवून बघावं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे. ती मान्य करायला मला जड जातं, पण करते. आज दुखापती वाढल्या आहेत आणि त्यात डेटाचा हात आहे. खुद्द मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. दुखापतग्रस्तांच्या यादीत पिचर जाण्याच्या घटना २००५ मध्ये २१२ होत्या, २०२४ मध्ये ४८५ झाल्या. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, वेग आणि फिरकी कॅमेऱ्यावर मोजून वाढवत न्यायची, या हव्यासाकडे अहवाल बोट दाखवतो, आणि हा हव्यास शाळकरी मुलांपर्यंत झिरपला आहे हेही सांगतो. आकड्यांवर प्रेम करणाऱ्या आम्हा लोकांना हे ऐकावंच लागेल. पण यावरून ‘मुलांनी रोज टाकावं’ हे कसं निघतं? प्रत्येक चेंडूवर ताण वाढला असेल, तर चेंडू कमी करायला हवेत आणि विश्रांती वाढवायला हवी. मेसेज लिहिणाऱ्याने निम्मं कारण बरोबर धरलं आणि उपाय नेमका उलटा सांगितला.

रिंकू आणि दिनेशचं नाव वाचून मला वाईट वाटलं, कारण आपल्या लोकांना भावतं म्हणूनच ते तिथे घातलं आहे. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये ज्या स्पर्धेतून निवडले गेले, ती वेग मोजणाऱ्या रडार गनवरच चालली होती. कोण किती जोरात आणि किती अचूक टाकतो, आकडा बघायचा आणि निवडायचं. मग त्यांना अमेरिकेत शिकवलं टॉम हाउसने. हाउस म्हणजे पिचिंगच्या हालचालींचं चित्रीकरण करून कॉम्प्युटरवर विश्लेषण करणाऱ्या पहिल्या काही प्रशिक्षकांपैकी एक. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना आपल्या खालच्या लीगमधल्या टीमसाठी करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण आधी हातात बेसबॉल न धरलेल्या मुलांनी तिथवर मजल मारली त्यामागे मोजमाप होतं. आणि हा हाउस १९८५ पासून टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच होता. १९८९ मध्ये तिथे एक बेचाळिशीचा पिचर दाखल झाला आणि हाउसच्या हाताखाली त्याने चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत आणखी दोन नो-हिटर टाकले. तो पिचर नोलन रायन.

राहिलेले मुद्दे मोठ्यांच्या भांडणाचे आहेत, त्यांवर फार वेळ घालवत नाही. मेसेजमधली फायनल म्हणजे २०२० ची वर्ल्ड सिरीज, मेजर लीगची अंतिम मालिका, तिची सहावी मॅच. डेटावर चालणाऱ्या टॅम्पा बे रेजचा पिचर ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट घेऊन सुसाट होता, टीम १-० ने पुढे होती, आणि मॅनेजर केव्हिन कॅशने आकड्यांच्या हिशेबाने त्याला काढलं. मॅच गेली, सिरीज गेली. निर्णय चुकला, असं माझंही मत आहे. पण जिंकले कोण? डॉजर्स, आणि त्यांचा कारभार बघत होता आकड्यांवरच चालणारा अँड्र्यू फ्रीडमन, जो रेजमधूनच तिकडे गेला होता. २००४ मध्ये बोस्टनचा ८६ वर्षांचा आणि २०१६ मध्ये शिकागो कब्जचा १०८ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला, तोही दोन्हीकडे कारभार बघणाऱ्या, आकडे मानणाऱ्या थिओ एप्स्टीनच्या काळात.

मुकी बेट्सचा सौदा बोस्टनवाल्यांना अजून सलतो आणि सलायलाच हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो डॉजर्सकडे गेला तो पगाराचा खर्च आणि मर्यादेपलीकडच्या पगारांवर बसणारा लक्झरी टॅक्स वाचवण्यासाठी. तो खेळाडू म्हणून कमी आहे असं कुठल्याही विश्लेषकाचं गणित सांगत नव्हतं. हात आखडला मालकांनी.

अल्टुवेचं तर मेसेजने उलटंच करून ठेवलं आहे. पाच फूट सहा इंचांच्या या मुलाला व्हेनेझुएलातल्या निवड शिबिरातून परत पाठवलं ते माणसांनी, उंची नुसती डोळ्यांनी बघून. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि अखेर ह्यूस्टन टीमने त्याला १५,००० डॉलर्समध्ये घेतलं. तेव्हा त्याच्या बाजूने बोललेही अनुभवी माणसांचेच डोळे, हेही खरं. उलट आकड्यांवर चालणाऱ्या ह्यूस्टनने मार्च २०१४ मध्ये जे. डी. मार्टिनेझ या बॅटरला सोडून दिलं, आणि तो पुढे बोस्टनबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकला. त्याने बॅट फिरवण्याचा स्विंग व्हिडिओ बघून आमूलाग्र बदललेला होता, तो बदल ह्यूस्टनने पुरेसा पाहिलाच नाही. चुका दोन्ही बाजूंनी होतात. त्या करारबद्ध, पगारी, प्रौढ खेळाडूंबाबत होतात तेव्हा आपण चहा पिता पिता वाद घालू शकतो.

वही मात्र फेकायची नाही. लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाने त्या दिवशी कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून बसायचं नाही, कारण कॅचरही दिवसभर फेकतच असतो. अडचण अशी की लीग फक्त आपल्या मॅचचे चेंडू मोजते आणि ट्रॅव्हल टीमची नोंद वेगळी. दोन्हींची बेरीज करणारं घराबाहेर कोणीच नाही. ती दादाने किंवा वहिनीने करायची, मुलाच्या नावाच्या एकाच वहीत. शनिवारी त्या वहीत ६८ लिहिले गेले, तर रविवारी कोच कितीही मागे लागला तरी पिचिंग नाही, आणि बुधवार संपेपर्यंत कुठल्याच टीमकडून नाही.