पिनकोडवर रंगवलेला कर्करोग

नाशिक जिल्ह्याचा एक रंगीत नकाशा सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यात निफाड, दिंडोरी आणि नाशिक हे तालुके गडद लाल, तर पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर हिरवे आहेत. सोबतच्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: रुग्णालयांत नोंदलेल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पिनकोडवरून हा नकाशा केला आहे, लाल पट्टा द्राक्षांवरच्या फवारणीमुळे झाला, कारण ही औषधे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे, आदिवासी तालुके रसायनांपासून दूर म्हणून सुरक्षित आहेत, रुग्ण गेल्या दोन-तीन वर्षांत एकाएकी वाढले, आणि खरे आकडे सरकार दडवते. फवारणीची काळजी मला खोटी वाटत नाही. मात्र ती या नकाशाच्या भरवशावर मांडणे म्हणजे चांगला खटला कच्च्या साक्षीदारावर उभा करणे आहे.

आधी पिनकोड पाहू. टपालाची हद्द आणि महसुली हद्द एकच नसते. ४२२ या आकड्यांनी सुरू होणारा पिनकोड नाशिकचा, असे धरून चालले तर अकोले (४२२६०१) आणि संगमनेर (४२२६०५) ही अहिल्यानगर जिल्ह्यातली गावे नाशिकच्या खात्यात पडतात, आणि नाशिक जिल्ह्यातलेच मनमाड (४२३१०४), मालेगाव (४२३२०३) व येवला (४२३४०१) बाहेर राहतात. ४२३ घेतले तर कोपरगावही (४२३६०१) आत येते. शिवाय केसपेपरवर लिहिलेला पत्ता हा राहण्याचा पत्ता असतोच असे नाही. रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीशी थोडा वेळ उभे राहिले तरी हे दिसते. सुरगाण्याकडून आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या वतीने पुतण्या पुढे होतो, पत्ता विचारल्यावर नाशिक शहरातली ‘सिडको’ वसाहत सांगतो, कारण उपचार चालू असेपर्यंत ती त्याच्याच खोलीवर राहणार आहे आणि फोनही त्याचाच आहे. कारकून तेवढे लिहून पुढचा नंबर पुकारतो. जन्म सुरगाण्यात काढलेली ती बाई नकाशावर नाशिक शहराचा लाल ठिपका होते.

दुसरी गोष्ट अशी की नकाशात रुग्णांची संख्या रंगवली आहे, प्रमाण नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती आणि त्यांपैकी १४.८६ लाख लोक एकट्या नाशिक शहरात होते. जिथे माणसे जास्त तिथे रुग्ण जास्त, यात नवल नाही. दर लाख लोकांमागे हिशेब केला तरी तो वयानुसार प्रमाणित करावा लागतो, कारण कर्करोग मुख्यतः उतारवयाचा आजार आहे आणि तरुण लोकसंख्येच्या तालुक्यात तो आपोआप कमी दिसतो. गावपातळीवर तर आणखी सांभाळावे लागते. भारतात वर्षाला लाखामागे साधारण १०० नवे रुग्ण आढळतात, म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात सरासरी दोन. अशी एक हजार गावे घेतली आणि सर्वांचा धोका अगदी सारखा मानला, तरी निव्वळ योगायोगाने त्यांतल्या पन्नासेक गावांत एका वर्षात पाच किंवा अधिक रुग्ण निघतील. त्या पन्नास गावांतल्या लोकांना ‘काहीतरी आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. नकाशा करणाऱ्याने मात्र एका वर्षावर थांबू नये.

आता फवारणी. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, हे खरे आहे. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. त्यातली पहिली दोन कीटकनाशके आहेत आणि तिसरे तणनाशक. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी जे फवारले जाते ती प्रामुख्याने बुरशीनाशके असतात. म्हणून प्रश्न ‘द्राक्षामुळे कर्करोग होतो का’ असा नसून कोणते औषध, कोणाच्या अंगावर, किती वर्षे, असा आहे.

‘कोणाच्या अंगावर’ हे विचारले की हिरव्या तालुक्यांचे सगळे चित्रच फिरते. हंगामात नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या नाक्यावर पेठ, त्र्यंबक, हरसूलकडची माणसे मजुरीसाठी उभी असतात. बागेत पंप पाठीवर घेणारे आणि औषधाच्या द्रावणात घड बुडवणारे हात पुष्कळदा त्यांचे असतात. फवारणीने त्यांच्यापैकी कोणाला पुढे आजार झाला, तर बाग असेल लाल तालुक्यात आणि घर हिरव्या. मजकूर ज्यांना रसायनांपासून दूर समजतो, ते बागाईतदाराहूनही औषधाच्या जवळ असू शकतात. बहुतेक गाठी तयार व्हायला दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो, त्यामुळे आजचा पत्ता जुन्या संपर्काचा पुरावा होत नाही. आणि हिरवा रंग बहुधा निदान न झाल्याचा आहे. जिथे बायोप्सीसाठी दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागते, तिथे अनेक आजार नाव न मिळताच संपतात.

सगळे कर्करोग एकाच रंगात घालणे ही या नकाशाची मला सर्वांत खटकलेली चूक आहे. तोंडाच्या कर्करोगामागे मुख्यतः तंबाखू आहे, आणि २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री असे काहीतरी, वापरत होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू आहे. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरांत अधिक आढळते आणि त्याची कारणे आणखी निराळी आहेत. या सर्वांची बेरीज करून एकच कारण काढता येत नाही.

एकाएकी झालेल्या वाढीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तपासणीची सोय आणि सरकारी योजनेखाली मोफत उपचार जवळ आले की पूर्वी मुंबईला जाणारे किंवा घरीच राहणारे रुग्ण इथल्या नोंदीत येतात. धुळे, नंदुरबार, जळगावचे रुग्णही उपचारासाठी नाशिकला येतात.

राहिला आकडे दडवल्याचा आरोप. दडवायला आकडे आधी गोळा व्हावे लागतात. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदण्या होत्या. त्यांपैकी मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड या सात महाराष्ट्रातल्या. नाशिक त्यांत नव्हते. अशा नोंदणीत कर्मचारी रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि मृत्यूनोंदवह्या पालथ्या घालतात, एकच रुग्ण तीन ठिकाणी सापडला तर तो एकदाच धरतात, आणि तो मुळात त्या हद्दीत राहणारा आहे का हे पाहतात. ग्रामीण भागात हे जमत नाही असेही नाही. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी हे काम १९८७ पासून चालू झाले, आणि तिथले कर्मचारी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता स्वतः गावोगाव जाऊन लक्षणे असलेल्यांना तपासणीसाठी तयार करत.