‘गरिबांना डबी, श्रीमंतांना दुर्बीण?’: विद्याताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

विद्याताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. चार ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या सामुदायिक दवाखान्यांनी (विमा नसलेल्यांनाही उत्पन्नाप्रमाणे फी घेऊन तपासणारे दवाखाने) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी ‘फिट’ किट, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणाऱ्या चाचणीचं साहित्य, टपालाने लोकांच्या घरी पाठवावेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर विद्याताई लिहितात: विमेवाल्यांना कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं) आणि शेतमजुरांना शौचाच्या नमुन्याची डबी, ही दुय्यम दर्जाची सेवाच झाली. शिवाय फिटमधून कॅन्सर निसटतो. आणि तुम्हीच दिलेल्या अभ्यासात किट पाठवल्याने तपासणी करणाऱ्यांत पडलेला फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा, मग एवढा खटाटोप कशाला?

निसटण्याचं आधी घेते. हो, निसटतो. एका वेळच्या फिटमध्ये चारातले साधारण तीन कॅन्सर सापडतात आणि मोठे पॉलिप (आतड्यातल्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी) तर बरेचसे सुटतात. म्हणूनच ती दरवर्षी करायची असते. एकदाच करून दहा वर्षं निर्धास्त राहायचं असेल तर कोलोनोस्कोपीच हवी, यात वाद नाही. पण ती प्रत्यक्षात झाली तरच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका अभ्यासात सरकारी आरोग्यसेवेवर अवलंबून असलेल्या लोकांचे गट केले होते. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी तपासणी पूर्ण केली. ज्यांना शौचाची चाचणी सुचवली, त्यांच्यातल्या ६७ टक्क्यांनी. ज्यांना दोन्हींतून निवड करू दिली, त्यांच्यातल्या ६९ टक्क्यांनी. न झालेल्या कोलोनोस्कोपीत एकही कॅन्सर सापडत नाही.

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाला कोलोनोस्कोपी म्हणजे काय पडतं, तेही बघा. आदल्या दिवशी पातळ खाणं, रात्रभर जुलाबाचं औषध, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते आणि भूल दिलेली असल्यामुळे घरी न्यायला गाडीवाला माणूस लागतो, म्हणजे त्याचीही मजुरी बुडते. फिटला हे काहीच लागत नाही. ती लोक घरी करतात आणि पाकिटावर पोस्टाचे पैसे आधीच भरलेले असतात. आणि हे फक्त गरिबांसाठी काढलेलं आहे असंही नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैझर पर्मनेन्टे या विमा आणि रुग्णालयं एकत्र चालवणाऱ्या संस्थेचे सभासद बहुतेक नोकरदार, विमेवाले. तिथे दरवर्षी फिट टपालाने पाठवण्यावर मुख्य भर आहे, मागेल त्याला कोलोनोस्कोपीही मिळते. २००० साली तिथे तपासणीचं प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१५ पर्यंत ८३ टक्क्यांजवळ गेलं आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. फिटचं बोलावणं गेलेल्या आणि कोलोनोस्कोपीचं बोलावणं गेलेल्या, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

आता साडेतीन टक्के. तो अभ्यास ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या २६ दवाखान्यांतला. किट पाठवलेल्या दवाखान्यांत १३.९ टक्के लोकांनी फिट केली, इतरत्र १०.४ टक्क्यांनी. आकडा लहान आहे खरा, पण तिथे संशोधकांची फौज नव्हती. फोन उचलणारे, रक्तदाब मोजणारे तेच कर्मचारी रोजचं काम सांभाळून यादी काढत होते, पाकिटं भरत होते, आणि काही दवाखान्यांत यादीतल्या बऱ्याच लोकांपर्यंत किट पोचलेच नाहीत. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला हेच काम नेमलेल्या माणसांनी पाठपुरावा करून केलं, तेव्हा फिट पाठवलेल्या गटात ४०.७ टक्के लोकांनी तपासणी केली. कोलोनोस्कोपीचं बोलावणं धाडलेल्या गटात २४.६ आणि काहीच न पाठवलेल्या गटात १२.१. किट तसा स्वस्तच असतो. पैसे माणसावर घालायचे असतात. एका कर्मचाऱ्याचे ठरावीक तास फक्त यासाठी राखून ठेवा, डॉक्टरांची वाट न बघता नर्सला किट देण्याची मुभा द्या, फ्लूची लस घ्यायला आलेल्याच्या हातात किट ठेवा. आणि नमुना घेतल्याची तारीख लिहायची जागा ठळक करा! ती कोरी राहिली म्हणून प्रयोगशाळेने परत पाठवलेल्या नमुन्यांचं दुःख ज्याला माहीत त्यालाच माहीत.

तुमचा ‘दुय्यम दर्जा’ मात्र मला एका ठिकाणी शंभर टक्के मान्य आहे, फक्त तो डबीत नाही. फिट पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे, नाहीतर आधीची सगळी मेहनत पाण्यात. गरिबांच्या दवाखान्यांतल्या कितीतरी अभ्यासांत वर्षभरात ती निम्म्या-शिम्म्यांचीच होते. कैझरच्याच नोंदी सांगतात की दहा महिन्यांच्या पुढे उशीर गेला की धोका वाढू लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेल्या खुलाशानंतर बहुतेक खाजगी विम्यांना ही दुसरी पायरीही फुकट द्यावी लागते. पण ज्याला विमाच नाही त्याचं काय? सामुदायिक दवाखान्यात उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते, ती दवाखान्याच्या चार भिंतींत. कोलोनोस्कोपी बाहेरच्या रुग्णालयात होते आणि तिथलं बिल हजारो डॉलरचं असू शकतं. खरा अन्याय इथे आहे.

डेलावेअर राज्याने हे सोडवून दाखवलं, आणि (हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे) मुख्यतः कोलोनोस्कोपी वापरूनच. विमा नसलेल्यांची तपासणी आणि कॅन्सर निघाला तर उपचारही राज्याच्या खर्चाने, शिवाय रुग्णाला हाताला धरून शेवटपर्यंत नेणाऱ्या नर्सेस. २००२ ते २००९ मध्ये कृष्णवर्णीयांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. असं राज्य पाठीशी असेल तर मी फिटचा आग्रह धरणार नाही. नसेल, तर किट पाठवण्याआधी जवळच्या एखाद्या रुग्णालयाकडून वर्षाला ठरावीक मोफत कोलोनोस्कोपी लिहून घ्याव्यात. आधी किट आणि मग बघू, हे मला पटत नाही.

साताऱ्याहून तुमच्याकडे पाहुण्या आलेल्या तुमच्या सासूबाईंबद्दल विचारलंत. वय ७२, कसलाही त्रास नाही, घराण्यात कुणाला नाही, तर त्या फिट करू शकतात. सामुदायिक दवाखाना पाहुण्या म्हणून आलेल्यांनाही परत पाठवत नाही. फक्त पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपी इथे करायची की साताऱ्याला परतल्यावर लगेच पुण्यात, हे आधीच ठरवून ठेवा, कारण प्रवासी विमा सहसा यात येत नाही. शौचात रक्त दिसत असेल तर मात्र फिटच्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठा.

आणि तुमचं स्वतःचं. वडिलांना हा कॅन्सर ५२ व्या वर्षी झाला, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मग फिट तुमच्यासाठी नाही. तुमच्यासारख्यांना चाळिशीपासून दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी सांगितली जाते. तुम्ही ४४ च्या आहात, झालेली नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करा. भावालाही सांगा.