‘भांडू द्या, आपोआप जुळतील’ : मांजरांविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

पावसाच्या तोंडावर पार्किंगमध्ये आणि जिन्याखाली मांजरांची पिल्ले सापडू लागली की व्हॉट्सॲपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. घरात आधीचे मांजर असेल तर नवीन पिल्लू सरळ त्याच्यापुढे सोडावे, दोघे दोन दिवस भांडतील, मोठे कोण ते ठरेल आणि मग आपोआप जुळेल, असे तो सांगतो. जुने मांजर फिस्कारले तर त्याच्यावर पाणी मारावे, दोघांच्या अंगाला एकच पावडर चोळावी म्हणजे वास सारखा होतो, एकच ताटली आणि एकच लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा ट्रे) ठेवावा म्हणजे वाटून घ्यायची सवय लागते, पिल्लू खेळत असेल तर डॉक्टरांची घाई नको, ही त्याची पुढची कलमे. हा सल्ला मी स्वतः एकदा पाळला आहे, त्यामुळे तो का पटतो हेही मला ठाऊक आहे.

मुळात ‘मोठे कोण ते ठरेल’ ही कल्पना कुत्र्यांवरून उचललेली आहे. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करणारे, आपापली हद्द सांभाळणारे जनावर आहे. मांजरे कळपाने राहतात तीही बहुधा अन्न मुबलक असेल तिथे, आणि त्या कळपाचा गाभा म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या भाट्या. हरलेला कुत्रा पोट दाखवून शरण जातो आणि भांडण मिटते. मांजराकडे अशी शरणागती पत्करून भांडण मिटवण्याची रीत नाही, त्याच्याकडे फक्त निघून जाणे आहे. वाड्यात किंवा गावच्या घरात ते शक्य होते, कारण दार दिवसभर उघडे, मागे परसू, वर माळा आणि त्यावर कौले. ज्यांचे जमले नाही ती मांजरे शेजारच्या आळीत गेली आणि जी राहिली त्यांच्याकडे बघून आपल्या आजी-आजोबांनी ‘आपोआप जुळते’ असा निष्कर्ष काढला. चौथ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या दोन खोल्यांत निघून जायला जागाच नसते.

आमची मनी तेव्हा नऊ वर्षांची होती. पिल्लू समोर ठेवताच तिने शेपटी फुगवली, एक फटका दिला आणि ती कपाटावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी घर शांत झाले तेव्हा ‘जमले बरे का’ असे मी चार जणांना सांगूनही टाकले. चौथ्या दिवशी तिने माझ्या गादीवर लघवी केली. तिने सूड घेतला, असे मला वाटले. पण एका रात्री जागा राहून पाहिले तेव्हा कळले की ट्रे बाथरूमजवळच्या अरुंद बोळाच्या टोकाला होता, पिल्लू त्याच बोळात चेंडू ढकलत बसायचे, आणि मनी तिथवर येऊन, कान मागे पाडून, परत फिरत होती. कानामागून आलेली तिखट झाली होती आणि मी त्या कोंडीला शांतता समजत होतो.

एका ट्रेचे कलम इथेच निकालात निघते. जितकी मांजरे त्याहून एक अधिक ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी, हा पशुवैद्यकांचा नेहमीचा सल्ला आहे, आणि पाण्या-खाण्याच्या ताटल्याही दूर हव्यात. बोक्याच्या बाबतीत तर हे जिवावरचे प्रकरण होऊ शकते, कारण ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन लघवीचा मार्ग तुंबू शकतो. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पाणी मारण्याविषयी फार लिहायला नको. फिस्कारणे म्हणजे हल्ला होण्याआधीची ताकीद आहे. ती दिल्याबद्दल शिक्षा केली तर मांजर इतकेच शिकते की हे पिल्लू दिसले की अंगावर पाणी पडते.

पावडरीच्या सल्ल्यात वासाचे महत्त्व ओळखलेले आहे, हे मान्य करायला हवे. पण मांजर अंगाला लागलेले सगळे चाटून पोटात घेते, आणि सुगंधी तेलांतली अनेक द्रव्ये त्याच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. शिवाय परका वास चोळल्याने ओळखीचा वास तयार होत नाही. मांजर गाल दाराला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला घासते ते तिथल्या ग्रंथींचा वास ठेवण्यासाठी. म्हणून मऊ फडके पिल्लाच्या गालांवरून फिरवून ते जुन्या मांजराच्या ताटलीजवळ ठेवावे आणि दुसरे फडके उलट दिशेने न्यावे.

डॉक्टरांची घाई नको, हे कलम मला सर्वांत घातक वाटते. पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य रोगाची लक्षणे संसर्गानंतर साधारण 2 ते 10 दिवसांनी दिसतात, तोवर पिल्लू खेळत असते, आणि लस न घेतलेली पिल्ले त्यात मोठ्या प्रमाणावर दगावतात. हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. आपण ज्या भरवशावर फरशी पुसतो त्या फिनाइलवर इथे विसंबता येत नाही, उलट तेच मांजरांना विषारी असते. मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू लाळेतून, म्हणजे एका ताटलीतूनही पसरू शकतो आणि त्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागते. तेव्हा पिल्लाची तपासणी, जंताचे औषध, 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून लसी आणि निदान दोन आठवडे वेगळी खोली, एवढे तरी आधी व्हायलाच हवे.

त्या दोन आठवड्यांत ओळखीचे कामही पुढे सरकते. आम्ही पिल्लू आतल्या खोलीत हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी मनी नुसत्या फडक्यावर फिस्कारली, सहाव्या दिवशी त्याच फडक्यावर ठेवलेल्या ताटलीत निमूट जेवली. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींना उकडलेले बोंबील देऊ लागलो, प्रथम दारापासून चार हात दूर, नंतर रोज थोडे जवळ. एकदा घाई करून ताटली उंबऱ्याला भिडवली तेव्हा मनीने खाणे टाकले आणि आम्हाला तीन दिवस मागे यावे लागले. पुढे दाराच्या जागी मच्छरदाणीच्या जाळीची चौकट लावली, आणि त्यानंतरच पाच-पाच मिनिटांच्या, आम्ही समोर बसून घडवलेल्या भेटी. या सगळ्याला सात आठवडे लागले. काही घरांत दोन आठवड्यांत भागते, काही ठिकाणी महिने जातात.

मनी आणि ते पिल्लू आजही एकमेकींना चाटत नाहीत. पलंगाच्या दोन टोकांना झोपतात, आणि बोळात समोरासमोर आल्या तर धाकटी भिंतीला टेकून बसते, मनी पुढे जाते.