ऑफलाईन म्हणे!

हिरवा दिवा पेटलेला, ट्रेमध्ये कागद भरलेला, वायफायचं चिन्ह ठसठशीत दिसतंय, आणि कॉम्प्युटर मला सांगतोय 'प्रिंटर ऑफलाईन'. अरे, डोळे फुटले काय तुझे? समोर हातभर अंतरावर बसलाय तो!

गणपती तोंडावर आलेत. वाडीतल्या भजनाच्या पोरांना आरत्यांची चार पानं हवीत, एवढंच काम. शेजारचे अण्णा पडवीतून दर थोड्या वेळाने हाक मारतायत, "काय रे, कागद इलो काय भायर?" त्यांना काय सांगू?

कारण साधं असतं. आमच्या देवगडात पावसाळ्यात लाईट जाते-येते. आली की राऊटर नव्याने सुरू होतो आणि प्रिंटरला नवा आयपी पत्ता (म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर) देतो. कॉम्प्युटर आपला जुनंच दार ठोठावत बसतो. पण हे सरळ सांगेल तर शपथ! बिघाड शोधणारा ट्रबलशूटर चालवा, गोल गोल फिरून म्हणतो, काही अडचण सापडली नाही. मग मी काय हौस म्हणून ओरडतोय? शेवटी राऊटरच्या सेटिंगमध्ये घुसून प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा लागतो. आणि बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, 5 चं नाही, हे दुकानदार विकताना कधी बोलतो का? नाव नको.

तोवर रांगेत अडकलेली प्रिंट. कॅन्सल केलं तर 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि तसंच राहतं, जन्मभर. घरातलं प्रत्येक जण येऊन एकदा प्रिंटचं बटण दाबून जातं, आणि मग अवचित सगळ्या प्रती एकदम बाहेर. यावर उपाय एकच: विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) बंद करा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम 32, स्पूल, प्रिंटर्स असं आत आत जाऊन त्या फोल्डरातलं सगळं उडवा (फोल्डर नव्हे, आतलं!), मग स्पूलर परत सुरू करा. चार पानं आरत्यांसाठी.

बरं, झालं सुरू. आता कागद. पुस्तिकेत ऐटीत छापलंय, हवेतली आर्द्रता 20 ते 80 टक्के असावी. या की आषाढ-श्रावणात इकडे! नव्वदीच्या घरात असते, भिंतींना बुरशी, मिठाला पाणी. असल्या हवेत कागदाची रीम उघडी राहिली की कागद सादळलाच. कडा लाटेसारख्या वर येतात, पानं एकमेकांना चिकटतात, रोलर तीन-तीन एकदम ओढतो. कर्र, कर्र, खट्. पेपर जॅम. रागाने खेचलं की फाटतं, आणि नखाएवढा तुकडा आत राहतो. तो सेन्सरपाशी बसला की ट्रे रिकामा असला तरी बाबाजी म्हणणार, पेपर जॅम. स्विच बंद करून, मागचं झाकण काढून, मोबाईलच्या उजेडात चिमट्याने तो तुकडा शोधायचा. कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू ओढायचा. रोलरवर धूळ बसली असेल तर ओलसर फडक्याने पुसायचा. रीम मी आता आईच्या पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि लागतील तेवढीच पानं काढतो. त्यावरून आईचं ऐकून घेतो ते वेगळंच.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे शाई! आरत्या काळ्या अक्षरांत छापायच्या आहेत. काळी शाई भरपूर आहे. पण निळी संपलीय, म्हणून हा काळंही छापणार नाही! हा कुठला न्याय? वापरला नाही तर शाई सोडणारं हेड सुकतं, हेड सुकलं की क्लीनिंग करा, आणि क्लीनिंगमध्येच शाई गिळतो मेला. म्हणून काम नसलं तरी आठवड्याला एक रंगीत पान काढायचं. म्हणजे याला जिवंत ठेवायला आपण छापायचं!

निळं कार्ट्रिज ऑनलाईन मागवलंय. कुरिअरवाला म्हणतो, घाटात दरड आलीय, बघू. अण्णांना सांगितलं, पोरांना म्हणावं मोबाईलवर बघून म्हणा.