फ्लाइट शॉटवाल्यांनो, टाळ्या वाजवणं बंद करा

रविवारी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला जाऊन आलो. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर सकाळी एवढी थंडी की बोटं पार आखडलेली, शेवटी निफाडची थंडी ती, पारा उतरला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पण पक्षी म्हणाल तर नुसती जत्रा. वारकरी (काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) तर मोजायच्या पलीकडे, मधेमधे थापट्या आणि तलवार बदकं, चक्रवाकाची जोडी, काठाच्या चिखलात शेकाटे आणि लांब उथळ पाण्यात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, निवांत बसलेले.

आणि तेवढ्यात खालून टाळ्या, शिट्ट्या. भल्यामोठ्या लेन्स लावून तिघंचौघं उभे आणि त्यांच्यातलाच एक थवा उडवतोय, का तर म्हणे फ्लाइट शॉट पाहिजे! गाइड पोरगा बोलायला गेला तर त्यालाच ऐकवलं, आम्ही तिकीट काढलंय. म्हणजे तिकिटात हे पण येतं का?

मी तर आता असले फोटो लाइक करणंच सोडलंय. अरे, ते पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, हिवाळाभर इथे चरून अंगावर चरबी धरायची आणि उन्हाळा लागायच्या आत परत तेवढंच अंतर कापायचं, त्यात दर वेळी उगाच उडवलं की ती चरबी जळणारच ना. बरीचशी बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर झोपा काढतात, म्हणजे तुम्हाला ऊन छान मिळतं ती नेमकी त्यांची आरामाची वेळ. बरं, प्रत्येक ग्रुपला वाटतं आपण एकदाच तर उडवलं, पण सीझनच्या रविवारी एका मागोमाग एक गाड्या लागतात.

हे पाणथळ तरी कसं झालं? गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, गवत माजलं आणि पक्षी यायला लागले. अभयारण्य झालं १९८६ ला, रामसरचा शिक्का, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ अशी मान्यता, २०२० ला, राज्यातला पहिला. मला तरी वाटतं त्या शिक्क्यानंतर कॅमेरेच जास्त वाढले.

आजूबाजूच्या हरभऱ्यात क्रौंच उतरतात, ते शेतकऱ्याने हाकलले तर मी समजू शकतो, त्याचं पीक आहे बाबा, नुकसान त्याचं होतंय. तुमचं काय जातंय?

एवढाच उडता थवा हवा असेल तर गाइड घ्या, त्या पोरांना कुठे काय बसलंय ते पाठ असतं, आणि तासभर एका जागी गप बसा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून येतोच, तो आला की वारकऱ्यांपासून बदकांपर्यंत सगळे आपोआप उठतात, तेव्हा काढा की हवे तेवढे फोटो!